शेवटचा डबा

सोलापुरात बर्फ म्हटला की लाकडाच्या भुशात, पोत्याखाली झाकून ठेवलेली लादी आठवते. रसवंतीवाला ती दाभणाने फोडायचा. आभाळातून पडणारा बर्फ आमच्या गावाच्या नशिबात नाही. त्यामुळे परदेशी मासिकात बर्फाच्या वादळातून वाट काढणाऱ्या मालगाडीचा फोटो दिसला, की आम्ही दोघे भाऊ हावऱ्यासारखे बघत बसायचो. असा एक तरी फोटो आपण काढावा, एवढीच आमची हौस.

मालगाड्यांचं वेड अब्बांमुळे लागलं. ते मालगाडीवर गार्ड होते. कधी दौंड, कधी वाडी. पॅसेंजरला वेळापत्रक असतं, मालगाडीला नसतं. पुढची गाडी जाऊ द्यायला ती कुठल्याही आडबाजूच्या स्टेशनात तासन् तास उभी राहते. म्हणून अम्मी डब्यात कडक भाकरी आणि शेंगांची चटणी द्यायची. दोन दिवस झाले तरी बिघडत नाही. अब्बांच्या त्या शेवटच्या डब्यात ना दिवा, ना संडास, ना धड बसायची जागा. थंडीच्या रात्री भिमेच्या पुलावरून गाडी जाताना वारा हाडात शिरतो, असं ते सांगायचे.

हातात कॅमेरा आला तेव्हा आम्ही इंजिनांचे फोटो काढत सुटलो. त्या वेळी आमच्या भागात डिझेल इंजिनंच होती. धूर सोडत, चढावर कण्हत येणारं इंजिन फोटोत मोठं रुबाबदार दिसायचं. अब्बा फोटो बघायचे आणि परत द्यायचे. एकदा म्हणाले, "इंजन तो सब देखते रे. पीछे कौन देखता?"

मग त्यांनी समजावून सांगितलं. गाडी स्टेशनातून गेली की स्टेशन मास्तर शेवटच्या डब्याकडे बघतो. तिथे दिवसा पाटी, रात्री लाल दिवा. ती खूण दिसली तरच गाडी अखंड आली असं धरायचं आणि मागचा मार्ग मोकळा करायचा. खूण दिसली नाही, तर काही वाघिणी तुटून मागे रुळावरच राहिल्या असतील. मागून दुसरी गाडी सोडली तर त्यांच्यावर आदळेल. अब्बांच्या नोकरीत एकदा असं झालं होतं. मध्यरात्री जोड तुटला. इंजिन पुढे निघून गेलं आणि मागच्या वाघिणींबरोबर अब्बा अंधारात एकटे. हातबत्ती घेऊन ते रुळांवरून मागे चालत गेले. 600 मीटरवर एक फटाका, 1200 मीटरवर 10-10 मीटर अंतराने तीन फटाके रुळावर बांधले, म्हणजे मागून कोणी आलंच तर आवाज ऐकून थांबेल. त्या रात्रीचा फोटो नाही. खरं तर कामावरचा अब्बांचा एकही फोटो आमच्याकडे नाही.

फोटो काढणं तेव्हा सोपंही नव्हतं. एकदा एका माणसाने आम्हाला हटकलं. कॅमेरा बघितला, तोवर त्याचा आवाज साधा होता. मग नावं विचारली. नावं ऐकल्यावर प्रश्न वाढले. मालगाडीचेच फोटो का? कोणाला दाखवणार? आमचा बाप याच रुळांवर नोकरी करून 2009 साली निवृत्त झालाय, हे सांगताना आमचा आवाज कापत होता. कॅमेऱ्यातले सगळे फोटो पुसून आम्ही घरी आलो. अब्बा चिडले नाहीत. एवढंच म्हणाले, की रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरणं गुन्हाच आहे. सार्वजनिक रस्त्यावर उभे राहा, उजेडात उभे राहा, आणि नाव विचारलं तर स्पष्ट सांगा.

2014 साली फेब्रुवारीच्या अखेरीस महाराष्ट्रात गारपीट सुरू झाली, ती मार्चच्या मध्यापर्यंत चालली. द्राक्षं, डाळिंब, गहू, ज्वारी, सगळं झोडपून निघालं. त्या दिवसांत एका दुपारी आम्ही पाकणीच्या अलीकडे रस्त्याकडेच्या टपरीत अडकलो. पत्र्यावर गारांचा असा मारा, की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. बघता बघता रुळांमधली काळी खडी पांढरी झाली. पलीकडच्या शेतात ज्वारी आडवी पडत होती आणि टपरीवाला कपाळाला हात लावून बसला होता. अशा वेळी फोटोचा विचार मनात आला, याची आम्हाला लाज वाटली. तरी कॅमेऱ्यावर किराण्याची पिशवी बांधलीच.

मालगाडी आली. बंद वाघिणी, चाळिसेक तरी असतील. लोखंडावर गारा फुटत होत्या. इंजिनाचा फोटो छान आला असता. पण आम्ही कॅमेरा उचललाच नाही. एकेक वाघीण पुढे जाऊ दिली. शेवटी गार्डचा डबा आला. आत दडून बसावं असं ते आभाळ, आणि हा माणूस बाहेर उभा! एका हातात हिरवा झेंडा, दुसरा हात डोक्यावर. आम्ही एकच फोटो काढला.

फोटो हलला होता. गारांच्या पांढऱ्या रेघा, त्यामागे हिरवा ठिपका आणि खाली कशीबशी दिसणारी पाटी. अब्बांनी चष्मा पुसून बराच वेळ बघितला.

"पाटी दिसती. गाडी पूरी आयी," ते म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा, "छत्री नव्हती का रे त्याच्याकडे?"

आता अब्बा नाहीत. आमच्या मार्गावर विजेची इंजिनं धावतात. 2022 सालापासून गार्डला ट्रेन मॅनेजर म्हणतात आणि काही मालगाड्यांच्या शेवटी डब्याऐवजी यंत्र बसवून बघताहेत. 9 ऑगस्ट 2025 रोजी पंजाबातून सिमेंट घेऊन पहिली मालगाडी काश्मीरमध्ये अनंतनागला पोहोचली. बर्फातल्या मालगाडीचा फोटो आता आपल्याच देशात काढता येईल. जावंसं वाटतं.

तो हललेला फोटो आम्ही चौकट करून बैठकीत लावलाय. आलेगेले विचारतात, "हे तुमचे अब्बा का?"

पूर्वी आम्ही नाही म्हणायचो. आता हो म्हणतो.