टोपी बाजार आणि बर्गंडीचे मळे

गतवर्षी ग्वाल्हेरला दोन दिवस राहण्याचा योग आला. १८१० साली दौलतराव शिंद्यांचा तळ पडला, तेथेच वाढलेले लष्कर शहर. त्याच्या महाराज बाड्याजवळ टोपी बाजार आहे. एका दुकानात लग्नाचे फेटे, पगड्या व साध्या टोप्या मांडलेल्या होत्या. एकाच घाटाच्या दोन पगड्यांच्या किमतींत एवढे अंतर का, असे विचारता वृद्ध दुकानदार म्हणाले, "फादर, आधी पोत पाहा, मग शिवण, जरीकाठ शेवटी पाहा."

त्या शब्दांनी मला फ्रान्समधील बर्गंडी प्रांताची आठवण झाली. तेथील तांबडा द्राक्षारस बहुतेक पिनो न्वार या एकाच जातीच्या द्राक्षांचा. परंतु त्याच्या चढत्या चार पायऱ्या आहेत. पहिली प्रांताच्या नावाची, दुसरी गावाच्या नावाची, तिसरी निवडक मळ्यांची 'प्रेमिए क्र्यू' आणि चौथी 'ग्रां क्र्यू'. हा मान मालकाला नसून जमिनीला असतो. टेकडीच्या पायथ्याशी पाणी साचते, माथ्यावर माती उथळ असते. म्हणून उत्तम मळे बहुधा मधल्या उतारावर आढळतात. उत्तरेकडील न्वी भागाचा रस सामान्यतः भारदस्त व टिकाऊ, तर दक्षिणेकडील बोन भागाचा अधिक मृदू असतो.

१०९८ साली स्थापन झालेल्या सीतो मठातील संन्याशांनी क्लो द व्हूजोचा मळा पिढ्यान् पिढ्या कसला. सुमारे ५० हेक्टरांचा तो मळा आज अनेक मालकांत वाटला गेला आहे. पायरी सर्वांची एकच, 'ग्रां क्र्यू'. परंतु कसणाऱ्याच्या हातागणिक रस निराळा. म्हणजे नुसत्या चिठ्ठीवर विसंबून भागत नाही. पोताबरोबर शिवणही पाहावी लागते.

बोन येथे १४४३ साली निकोला रोलँ यांनी गोरगरिबांसाठी रुग्णालय स्थापिले. त्याला दान मिळालेल्या मळ्यांच्या द्राक्षारसाचा १८५९ पासून लिलाव होत आला आहे. रस उंची, पण त्याचे मोल रुग्णसेवेस लागते!

वाचकहो, ही मद्यपानाची शिफारस नव्हे. आपल्या लग्नसराईत पाहुण्यांपुढे भारी बाटल्या मांडण्यासाठी कर्ज काढणारी कुटुंबे मी पाहिली आहेत. बाटल्या एका रात्रीत रित्या होतात, व्याज मात्र वर्षानुवर्षे फेडावे लागते. पवित्र मिस्सासाठीदेखील ख्रिस्तसभा द्राक्षारसाची पायरी विचारीत नाही. तो शुद्ध द्राक्षांचा असावा व नासलेला नसावा, एवढेच मागते. वेदीला जे पुरते, ते आपल्या मांडवाला अपुरे का वाटावे?