टर्नच्या गावात टोपी घालून

पुढच्या उन्हाळ्यात भारतातून आई-बाबा किंवा सासू-सासरे येणार असतील, तर लंडनच्या राजवाड्यांबरोबर फार्न बेटांचाही बेत ठेवा. एडिंबरोहून दक्षिणेला दोनेक तासांवर सीहाउसेस हे छोटं बंदर आहे. तिथून बोटीने इनर फार्नवर उतरायचं. उतरताना डोक्यावर टोपी हवीच!

मे ते जुलै हे बेट आर्क्टिक टर्न या पक्ष्याचं असतं. काळी टोपी, लालभडक चोच, वजन जेमतेम शंभर ग्रॅम. जमिनीवरच्या उथळ खळग्यात, कधी अगदी पायवाटेच्या कडेला, एक-दोन अंडी. आपण जवळ गेलो की आधी कर्कश ओरडणं, मग डोक्यावर घिरट्या, आणि तरीही थांबलो तर सरळ टाळूवर चोच. कधी रक्तही निघतं. आपण त्यांना अंडी खायला येणाऱ्या गलपेक्षा वेगळे वाटत नाही.

गेल्या जूनमध्ये आई बरोबर होती. "अगं, ही तर आपली टिटवी!" ती म्हणाली. टिटवीही उघड्या माळावर अंडी घालते आणि गाईगुरांच्या, कुत्र्यांच्या अंगावर धावून जाते. शेजारी आयडर बदकं निवांत अंड्यांवर बसलेली पाहून आईला कोतवाल आठवला. कोतवाल कावळ्याला, घारीला पिटाळतो, म्हणून त्याच्याच झाडावर हळद्या घरटं बांधतो. इथे आयडरना टर्नच्या आरड्याओरड्याचा तसाच आधार मिळतो. या बदकांना सातव्या शतकात इथे राहणाऱ्या संत कथबर्टने अभय दिलं होतं, असं सांगतात.

वाटेत एक टर्न फळीच्या अगदी कडेला बसली होती. तिच्या पंखाखालून करड्या पिसांचं पिल्लू डोकावत होतं. नर वरून तुटून पडत होता. आईला जवळून फोटो हवा होता, पण ती स्वतःच म्हणाली, "चल गं पुढे. आपण उभे आहोत तोवर ते उपाशी राहील."

खरंच होतं ते. पिल्लाला उडायला तीन-साडेतीन आठवडे लागतात, आणि आईबाप आपल्यावर धावून येण्यात गुंतले की मासे आणायचे राहतात. त्यातून 2022 मध्ये बर्ड फ्लूने इथे हजारो पक्षी मेले. पर्यटकांना बेटावर उतरणं बंद झालं, ते 2024 मध्ये पुन्हा सुरू झालं. आता प्रत्येक पिल्लू मोलाचं आहे.

हातभर जागेसाठी एवढं भांडणारा हा पक्षी ऑगस्टमध्ये ती सोडून अंटार्क्टिकाकडे निघतो. इथल्या एका टर्नने वर्षभरात सुमारे 96,000 किलोमीटर प्रवास केल्याची नोंद आहे. वसंतात तो बहुधा याच बेटावर परततो. दोन घरं सांभाळणाऱ्या आपल्यासारख्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

तेव्हा जाच. जुने कपडे घाला (वरून शिंतोडे उडतात!), मुलांचा हात धरा, फळ्यांवरूनच चाला, आणि चोच बसली तरी हात उगारू नका.