'पैसे कंपनीचे जातात' म्हणजे नेमके कोणाचे?

"पैसे तर कंपनीचे जाणार, तुमच्या खिशातून काय जातंय?" गॅरेजमध्ये हमखास ऐकू येणारे हे वाक्य. ऐकायला गोड आहे. पण गोड वाक्य आधी तपासून घ्यावे, ही आपल्या चळवळीने लावलेली सवय आहे. म्हणून हेही तपासू या.

मागच्या पावसाळ्यात सिग्नलवर एका डिलिव्हरीवाल्या पोराची मोटारसायकल आमच्या गाडीला मागून घासली. बंपरवर ओरखडा आणि एक छोटा पोचा, एवढेच नुकसान. पोरगा घाबरला होता, आम्ही त्याला जाऊ दिले. गॅरेजवाल्याने गाडीभोवती एक चक्कर मारली आणि अठ्ठावीस हजारांचे एस्टिमेट हातात ठेवले. नवा बंपर, मागचा दिवा, डिकीचे झाकण, वर दोन्ही दरवाजांचे रंगकाम! दरवाजांवरचे ओरखडे तर दोन वर्षांपूर्वीचे, आमच्याच गल्लीतले. "याच अपघातात दाखवून टाकू, गाडी नवी होईल," तो म्हणाला. आम्ही नाही म्हणालो. आम्हाला व्यवहार कळत नाही, असे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेले होते.

ठीक आहे, व्यवहारच बघू. 'झिरो डेप' घेतलेले नसेल तर प्लॅस्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो. समजा बंपर ६,००० रुपयांचा, तर उरले ३,०००. पंधराशे सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपयांची सक्तीची वजावट, म्हणजे उरले २,०००. आता दुसरी बाजू. सलग चार वर्षे क्लेम केला नाही तर गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर ४५ टक्के 'नो क्लेम बोनस' मिळतो. हा हप्ता १०,००० रुपये असेल तर ती सूट झाली ४,५०० रुपये. एक क्लेम केला की ती शून्यावर येते. दोन हजारांसाठी साडेचार हजार घालवायचे, हा कुठला व्यवहार?

फुगवलेल्या बिलाचा जन्म नेमका इथे होतो. लहान क्लेम परवडत नाही, म्हणून तो मोठा करायचा. 'बोनस जाणारच आहे तर वसूल करून घेऊ' हा त्यामागचा हिशेब. यात काम गॅरेजचे वाढते, सही मात्र आपली असते.

आणि ती सही कशावर असते? अपघात कसा झाला, हे क्लेम फॉर्मवर आपणच लिहून देतो. मागून घासलेल्या मोटारसायकलने दोन्ही बाजूंचे दरवाजे कसे खरवडले? ते पटवायचे तर अपघातच मोठा करून लिहावा लागतो. पोरगा भरधाव होता, त्याने बाजूने धडक दिली, वगैरे. म्हणजे फुगते ते फक्त बिल नाही, दुसऱ्याचा गुन्हाही फुगतो. जो पोरगा पोटासाठी पावसात पार्सल पोचवतो, त्याच्या माथी कागदावर आम्ही न झालेली धडक मारायची? आमचा नकार मुख्यतः इथला होता.

आता 'कंपनीचे पैसे'. कंपनी पैसे छापत नाही. हप्ते गोळा करते आणि त्यातून क्लेम देते. थर्ड पार्टीचा हप्ता सरकार ठरवते. पण स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्याचे दर २००७ पासून कंपन्याच ठरवतात, आणि किती क्लेम द्यावे लागले हे बघूनच ठरवतात. त्यामुळे फुगवलेले बिल फिरून येते ते कर्जावर टॅक्सी घेतलेल्या आपल्याच वस्तीतल्या भावाच्या हप्त्यात. वर त्याची गाडी खरोखर चेपली तरी सर्व्हेअर त्याच्याकडे संशयानेच बघतो.

१९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये बाबासाहेबांनी विमा ही राज्याची मक्तेदारी असावी आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाला आयुर्विमा सक्तीचा असावा, अशी मांडणी केली होती. विम्याकडे ते केवळ धंदा म्हणून बघत नव्हते, हे उघड आहे. एकावर आलेले संकट अनेकांनी वाटून घ्यायचे, हा विम्याचा गाभा आहे. त्या सामायिक पेटीत हात घालणारा कंपनीला नाही, शेजाऱ्याला लुटतो.

कोणी म्हणेल, कंपन्या तरी कुठे साधू आहेत? खरे क्लेमही त्या कापतात! मान्य. पण त्याला उत्तर खोटे बिल नाही. कपातीचे कारण लेखी मागा, सर्व्हे रिपोर्टची प्रत मागा. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे जा. तिथे दाद मिळाली नाही तर विमा लोकपालाकडे जा; मुंबईत आणि पुण्यात कार्यालये आहेत, फी लागत नाही, वकीलही लागत नाही. ग्राहक आयोग आहेच. पण या प्रत्येक दारात आपले एकच हत्यार चालते, खरा कागद. एक खोटी ओळ सापडली की कंपनी पूर्ण क्लेम नाकारू शकते, आणि मग आपल्या खऱ्या नुकसानीलाही वाली उरत नाही.

म्हणून मित्रांनो, पुढच्या वेळी कोणी "पैसे कंपनीचे जातात" म्हणाले, तर त्याला एवढेच विचारा: कंपनीकडे ते आले कुठून?