पाण्याखालचं आजोळ आणि या वर्षीचा गळ

भेस्तानला राहून आता चाळीस वर्षं होत आली. बँकेतली नोकरी संपली त्यालाही बरीच वर्षं झाली. सकाळी फेरफटका, पेपर, दुपारी डुलकी, असं चाललेलं असतं. पण यंदा घरात एका वेगळ्याच गोष्टीची तयारी सुरू आहे. कोजागिरी झाली की वसुबारसेच्या आत उकाईच्या पाण्यात मासे धरायला जायचं आहे.

हे खूळ मुलाचं. तो अमेरिकेत टेक्सासला असतो. तिकडे क्रॅपी नावाचा एक मासा आहे, तळहातापेक्षा थोडा मोठा, चंदेरी अंगावर काळे ठिपके. पानं गळायच्या दिवसांत तो त्याच्या मागे सुट्ट्या घालवतो. तिथली बहुतेक तळी आपल्यासारखीच धरणं बांधून झालेली. हा मासा उघड्या पाण्यात कमी, बुडालेल्या झाडांच्या फांद्यांत जास्त, असं तो सांगतो. म्हणून नवीन तळ्यावर जायचं तर ही मंडळी आधी एकच चौकशी करतात, की पाण्याखाली काय आहे. झाडं कुठे होती, जुना ओढा कुठून वाहायचा, रस्ता कुठे होता.

व्हिडिओ कॉलवर त्याने मला हेच विचारलं. "बाबा, उकाईचं पाणी आपल्याला नवीन आहे. खाली काय आहे ते कळेल का कुठे?"

मी म्हटलं, "अरे, खाली तुझ्या आजीचं माहेर आहे."

पलीकडे जरा वेळ कुणी बोललं नाही.

तरुण मंडळींना माहीत नसेल म्हणून सांगतो. तापीवरचं उकाई धरण 1972 साली पूर्ण झालं. जलाशयाचं नाव वल्लभसागर. सुरतकरांना 345 फूट हा आकडा पाठ असतो, दर पावसाळ्यात पेपरात पातळी आली की आपण तोच बघतो. पण ते पाणी मागे कुठवर पसरतं याचा विचार इकडे फारसा कुणी करत नाही. ते पार आपल्या खानदेशात, आजच्या नंदुरबार जिल्ह्यात जातं. तेव्हा तो धुळे जिल्हा होता. दोन्ही राज्यांतली मिळून 170 च्या आसपास गावं त्यात पूर्ण किंवा थोडीफार गेली. उठलेल्यांत बहुतेक भिल्ल, गावित, वसावे अशी आदिवासी कुटुंबं. त्यांचं जे गेलं त्यापुढे आमच्या मामांचं दुःख लहानच म्हणायचं. मामांना निदान मोजणी आणि कागद समजत होते.

मी तेव्हा विशीत होतो. त्याआधीच्या सगळ्या उन्हाळी सुट्ट्या त्या गावात, तापीच्या काठावर गेलेल्या. बांबूची काठी, सुताची दोरी, गळाला गांडूळ. मरळ लागली की मामी भाकरीबरोबर झणझणीत रस्सा करायची. आमच्याकडे पोरींनी मासे धरायला जायचं नाही असा दंडक होता, पण सगळ्यात जास्त मासे धाकट्या मावशीच धरायच्या. असो.

तर मुलाच्या प्रश्नाचं उत्तर मिळवायला मी नवापूरकडे राहणाऱ्या मामेभावाला फोन लावला. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे गेलेले, आवाज खणखणीत. आधी हसला. "भाऊ, तठे आते काय शे? पानीच ना!" पण चार दिवसांनी कालनिर्णयच्या पानामागे काढलेला नकाशा नातवाकरवी मोबाइलवर पाठवला. नदीचं वळण, तिला मिळणारा नाला, आमराई, विहीर, खळं, मारुतीचा पार. मामांच्या दाराशी चिंच होती. ती पाणी यायच्या आधी तोडून लाकूड विकलं होतं. नकाशात तिथे त्याने गोल काढून लिहिलंय, "बुंधा". मे महिन्यात पाणी फार उतरलं त्या एका वर्षी तो बुंधा आणि घराचा ओटा त्याने डोळ्यांनी पाहिलेत.

बँकेत असताना मी किती तरी नकाशे तारणाच्या कागदांत लावले असतील. असा नकाशा मात्र पहिल्यांदाच हातात आला.

आता त्यावरून आमचं ठरलं ते असं. नाला जिथे नदीला मिळायचा त्या कडेला पहिली बैठक. पाण्याखाली उथळ आणि खोल एकत्र येतं तिथे मासा फिरतो, हे मुलाचं म्हणणं. आपल्याकडे क्रॅपी नाही, म्हणून बाकीचं मी सांगितलं. कटल्याचं तोंड वर वळलेलं असतं, तो वरच्या थरातलं खातो. रोहू मधल्या पाण्यात, मृगळ तळाशी. तेव्हा एकाच खोलीवर सगळे गळ सोडण्यात अर्थ नाही. आमिष कणकेत शेंगदाण्याची पेंड मळून. खोली मोजायला त्याचं यंत्र आहे, तरी मी दोरीला दगड बांधून दर हातावर गाठ मारून ठेवली आहे. पावसाचं गढूळ पाणी तोवर निवळलेलं असेल आणि थंडी पडली नसेल. थंडीत हे मासे कमी खातात.

धरणात कुणीही उठून गळ टाकावा असं नसतं. परवान्याचं काम मामेभावाने ओळखीच्या मच्छीमाराकडे सोपवलंय, होडीही त्याचीच. लाइफ जॅकेट घातल्याशिवाय होडीत पाय ठेवायचा नाही, ही आमच्या हिची अट. दुसरी अट, कार्तिक लागला की घरात मासा शिजणार नाही. म्हणून तर वसुबारसेच्या आत!

पहाटे उधन्याहून जळगावच्या गाडीने निघायचं. बारडोली, व्यारा करत नवापूर. त्या स्टेशनाचा फलाट अर्धा गुजरातमध्ये, अर्धा महाराष्ट्रात, ते मुलाला दाखवायचंय. पुढे जीपने.

मामेभावाचंही एक सांगणं आहे. नकाशात नदीच्या वळणाशी त्याने एक फुली मारली आहे, बाजूला काही लिहिलेलं नाही. मी विचारलं तर म्हणाला, "तिथे आजोबांना अग्नी दिला होता. तिथे गळ टाकू नका. होडी जरा थांबवा." आणि मग म्हणाला, होडीत चौघांची जागा असेल तर मीही येतो, गुडघ्यांचं बघून घेऊ.

मच्छीमाराला फोन केला. चौघं बसतात.