आपण खात नाही

बोलपूरला संस्कृतच्या अध्यापनासाठी आलेल्या त्या वाईकर गृहस्थांना बंगालात अकरा वर्षे झाली होती. भाषा त्यांनी मनापासून आत्मसात केली होती. बाजारात भाजीवालीशी घासाघीस ते तिच्याच बोलीत करीत. एका ठिकाणी मात्र ते परकेच राहिले. कोणी जेवणाचा आग्रह केला की ते हात जोडून सांगत, ‘आम्ही मासे खात नाही.’ घरात मुलांना हीच गोष्ट ‘आपण खात नाही’ या शब्दांत सांगितली जाई. मराठीतले हे ‘आपण’ मोठे सोयीचे सर्वनाम आहे. ऐकणाऱ्याची संमती न विचारताच ते त्याला आपल्यात ओढून घेते.

१९७९ सालच्या पूजेच्या सुटीत ही संमती डळमळली. पावसाने शेजारच्या घरामागचे पुकुर काठोकाठ भरले होते आणि नऊ वर्षांचा मुलगा व सात वर्षांची मुलगी तेथे गळ टाकायला जाण्याचा हट्ट धरून बसली होती. दोघांनाही पोहता येत नव्हते. ‘मासे मारणे पाप आहे,’ असे वडील बोलून गेले, तेव्हा मुलाने विचारले, ‘मग खोकनची आई रोज पाप करते का, बाबा?’

याला ‘होय’ म्हणण्याइतके अज्ञान त्यांच्यापाशी नव्हते. अकराव्या-बाराव्या शतकांच्या सुमारास होऊन गेलेल्या भवदेव भट्टांनी मत्स्याहाराचे शास्त्राधारे समर्थन केले आहे, हे त्यांना ठाऊक होते. दशावतारांतला पहिला अवतार माशाचा. महाभारतकार व्यासांची आई धीवरकन्या. आणि शके १२१२ मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीची गुरुपरंपराही आदिनाथांनंतर मत्स्येंद्रांपासूनच चालत येते. कोकणातले सारस्वत ब्राह्मण मासे खातात, हे तर सांगायलाच नको. शास्त्र कामी येईना, तेव्हा त्यांनी छत्री आणि एक पोथी घेतली व मुलांच्या मागोमाग निघाले.

घाटाच्या वरच्या पायरीवर ते पाण्याकडे पाठ करून बसले. खाली खोकन पाहुण्यांना धडे देत होता. तांबड्या मुंग्यांची अंडी कणकेत मळून आमिष करायचे, ते गळाला लावायचे, आणि पाण्यावर तरंगणाऱ्या मोरपिसाच्या काडीवरून नजर हलवायची नाही. खोकनची आजी, मुलांची ‘ठाकुमा’, पांढऱ्या थान साडीत पलीकडच्या पायरीवर बसून कोठे गळ टाकावा ते सांगत होती. कोणत्या कोपऱ्यात पुंटी फिरते, कातला किती खोल असतो, हे तिला घरातल्या माणसांच्या सवयींसारखे माहीत होते.

‘तुम्ही खात नाही ना, बाबा?’ तिने विचारले. बंगाली वडीलधारी माणसे धाकट्यांनाही मायेने ‘बाबा’ म्हणतात.

‘आमच्यात खात नाहीत.’

‘आमच्यातही विधवा खात नाहीत. मी एकविसाव्या वर्षी सोडले.’ ती हसली. ‘रुईचे डोके घालून मुगाची डाळ मी चांगली करीत असे. आता सून करते. तिलाही साधते, वासावरून कळते.’

गृहस्थांनी पोथी मिटली. जे कधी चाखलेच नाही, ते न खाण्याला त्यांना काही मोल द्यावे लागले नव्हते. तरीही त्याचा एक सूक्ष्म अभिमान ते अकरा वर्षे बाळगून होते. हिच्या ताटातला मासा मात्र कुंकवाबरोबर काढून घेतला गेला होता, तिला न विचारता. आणि दोघांच्याही तोंडी शब्द एकच होता: ‘आमच्यात.’

इतक्यात काडी थरथरली आणि बुडाली. मुलीने काठी वर ओढली, तशी बोटभर चांदीसारखी पुंटी पायरीवर येऊन तडफडू लागली. मुलगी मागे सरकली. मुलालाही हात लावण्याचा धीर होईना. खोकन घरातून भांडे आणायला धावला होता. ‘मला शिवता यायचे नाही, बाबा,’ ठाकुमा म्हणाली, ‘तुम्हीच काढा. आधी हात ओला करा. ओढू नका, गळ शिरला तसाच उलटा फिरवा.’

आयुष्यात प्रथमच त्यांनी मासा हातात धरला. तो थंड होता, आणि अपेक्षेपेक्षा पुष्कळ बलवान. शिवता न येणाऱ्या हातांनी जे शिकवले, ते न शिकलेल्या हातांनी कसेबसे पार पाडले. गळ निघाला. खोकनने भांडे पुढे केले.

दुपारपर्यंत आणखी सहा पुंट्या मिळाल्या. संध्याकाळी शेजारून तळणाचा वास आला आणि पाठोपाठ मुलांना बोलावणेही. दोघे वडिलांच्या तोंडाकडे पाहत उभी राहिली. ठरलेले वाक्य त्यांच्या ओठांवर आले आणि पहिल्याच शब्दाशी अडखळले.

‘मी खात नाही,’ ते म्हणाले. मग थोडे थांबून, ‘तुम्ही जाऊन या. काटे फार असतात, जपून.’

मुलगा तीन पुंट्या खाऊन आला. मुलीने नुसता भात खाल्ला होता. का, असे आईने विचारले, तेव्हा ती म्हणाली, ‘मी त्याला पायरीवर पाहिलं होतं.’

वडिलांनी तिच्याकडे पाहिले. त्यांच्या कुळात पिढ्यानुपिढ्या कोणी मासा खाल्ला नव्हता; पण स्वतःचे कारण सांगून न खाणारे माणूस ते प्रथमच पाहत होते.