भांडण आणि शवर्मा

काल रात्री झोप येईना, म्हणून २०१२चा ‘द अ‍ॅव्हेंजर्स’ पुन्हा लावला. दोन तास तेवीस मिनिटं. मधे पाणी प्यायलाही उठलो नाही.

गंमत म्हणजे यातली मारामारी माझ्या फारशी लक्षात राहत नाही. राहतं ते भांडण. हेलिकॅरिअर या उडत्या जहाजावरच्या प्रयोगशाळेत टोनी स्टार्क, म्हणजे आयर्न मॅन, टोमणे मारतोय, कॅप्टन अमेरिका त्याला ‘चिलखत चढवून ये’ म्हणतोय आणि बोलता बोलता ब्रूस बॅनरच्या हातात खलनायक लोकीचा राजदंड कधी आला, हे त्याचं त्यालाही कळत नाही. लग्नघरात मानपानावरून जुंपावी, तसं सगळं. दिग्दर्शक जॉस व्हीडनची खरी करामत इथे आहे. मार्क रफेलोचा बॅनर तर थकलेल्या मास्तरांसारखा, अवघडलेला. म्हणूनच पुढे तोच हल्क बनून लोकीला धुण्यासारखा आपटतो, तेव्हा मी दर वेळी मोठ्यानं हसतो.

पण तिरंदाज हॉकआय? बिचारा अर्धा सिनेमा लोकीच्या मोहिनीखाली. आणि लोकीचे ते परग्रहवासी सैनिक, चितौरी! अवकाशात त्यांचं मुख्य यान फुटतं आणि इकडे न्यूयॉर्कमधली अख्खी फौज बटण बंद केल्यासारखी कोसळते. लिहिणाऱ्याला घरी जायची घाई झाली असावी. बॅनर दडलेला असतो ते कोलकाताही न्यू मेक्सिकोत उभं केलेलं. अंधार, गर्दी, आजारी माणसं, झालं आपलं शहर.

नामावली संपेपर्यंत थांबलोच. दमलेले सगळे टेबलाभोवती शवर्मा खात बसलेत, कुणी अवाक्षर काढत नाही. मलाही भूक लागली. डब्यात दोन पोळ्या उरल्या होत्या.