लंगडीची परीक्षा

गुडघा आणि घोटा हे सांधे शरीराचे ओझे वाहतात ही गोष्ट सर्वांनाच ठाऊक असते. पण धावताना, वळताना आणि उडीनंतर जमिनीवर उतरताना क्षणोक्षणी बदलणारा भार पेलणे, हे त्यांचे त्याहून अवघड काम सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. म्हणूनच या सांध्यांच्या कितीतरी गंभीर दुखापती कोणाची धडक न बसताही होतात. खेळाडू एकटाच धावत असतो, एकाएकी थांबतो किंवा दिशा बदलतो, आणि त्या एका क्षणात शरीराचा वेग व सांध्याची तयारी यांचा मेळ चुकतो. दुखापत समजून घेणे म्हणजे हा चुकलेला मेळ नेमका कुठे चुकला ते शोधणे, आणि बरे होणे म्हणजे तो पुन्हा जुळवणे होय. वेदना थांबणे हा या प्रवासातला पहिला टप्पा असतो. दुर्दैवाने पुष्कळांना तोच शेवटचा वाटतो.

नवा रायपूर येथील शहीद वीर नारायण सिंह आंतरराष्ट्रीय क्रिकेट मैदानावर ३ डिसेंबर २०२५ रोजी भारत आणि दक्षिण आफ्रिका यांच्यात झालेला एकदिवसीय सामना मराठी रसिकांच्या स्मरणात राहिला तो पुण्याच्या ऋतुराज गायकवाड यांच्या पहिल्या एकदिवसीय शतकामुळे. फिजिओथेरपिस्टच्या, म्हणजे व्यायामाने व हाताने उपचार करणाऱ्याच्या, नजरेला मात्र त्या सामन्यात आणखी एक धडा दिसतो. पाहुण्या संघाचे वेगवान गोलंदाज नांद्रे बर्गर यांना गोलंदाजी अर्धवट सोडावी लागली, फलंदाज टोनी डी झोर्झी यांना धावांचा पाठलाग चालू असताना मैदान सोडावे लागले, आणि दोघांचेही दुखणे एकाच जागी होते. ती जागा म्हणजे हॅमस्ट्रिंग, मांडीच्या मागच्या बाजूचा स्नायुगट. हा स्नायू बहुतांशी खुबा आणि गुडघा अशा दोन सांध्यांवरून जातो. भरधाव धावताना पाय पुढे फेकला जातो तेव्हा तो लांबत असतो आणि त्याच वेळी त्या पायाला ब्रेकही लावत असतो. लांबता लांबता ताकद लावण्याच्या या दुहेरी कामात त्याचे तंतू तुटतात. त्यामुळे केवळ ताण देऊन सैल केलेला स्नायू सुरक्षित होतो ही समजूत अपुरी ठरते. त्याला लांबलेल्या अवस्थेत जोर लावायला शिकवावे लागते. गुडघ्यांवर उभे राहून, घोटे कोणीतरी धरून ठेवलेले असताना, शरीर हळूहळू पुढे झुकवण्याचा नॉर्डिक नावाचा व्यायाम नेमका हेच शिकवतो, आणि तो नेमाने करणाऱ्या संघांत या दुखापती जवळपास निम्म्याने घटल्याचे अभ्यासांतून दिसले आहे.

घोट्याची गोष्ट याहून साधी वाटते आणि म्हणूनच तिची हेळसांड अधिक होते. १९ ऑक्टोबर २०२३ रोजी पुण्याजवळच्या गहुंजे येथील विश्वचषक सामन्यात हार्दिक पंड्या यांनी स्वतःच्याच गोलंदाजीवरचा फटका पायाने अडवण्याचा प्रयत्न केला, तोल जाऊन डावा घोटा दुखावला आणि उरलेल्या स्पर्धेला त्यांना मुकावे लागले. पाऊल आत वळून लचकते तेव्हा बहुधा घोट्याच्या बाहेरच्या बाजूचे अस्थिबंध, म्हणजे हाडाला हाड बांधून ठेवणारे चिवट पट्टे, ताणले किंवा फाटले जातात. हाड मोडले आहे की नाही हे ठरवण्यासाठी कॅनडात १९९२ साली मांडलेले ओटावा नियम आजही उपयोगी पडतात. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या उंचवट्यांच्या मागच्या कडेवर, खालच्या टोकापासून सहा सेंटिमीटरपर्यंत हाड दाबून दुखत असेल, पावलाच्या मधल्या भागातल्या ठरावीक हाडांवर दाबून दुखत असेल, किंवा दुखापतीनंतर लगेच आणि तपासणीच्या वेळीही चार पावले टाकता येत नसतील, तर एक्स-रे काढावा. पण एक्स-रेमध्ये हाड शाबूत दिसले म्हणजे काम संपले असे नव्हे. अस्थिबंधांमध्ये सांध्याची स्थिती मेंदूला कळवणारी सूक्ष्म चेतातंतूंची टोके असतात, आणि पट्टा फाटतो तेव्हा हा निरोप्याही जखमी होतो. सूज उतरलेल्या घोट्यावर डोळे मिटून एका पायावर उभे राहिले की तोल किती लवकर जातो, यावरून निरोप किती हरवले आहेत ते कळते. तोच तोच घोटा वारंवार मुरगळण्याचे एक मोठे कारण हे हरवलेले निरोप असतात.

गुडघ्याच्या दुखापतींत सर्वांत धास्तीचे नाव एसीएल हे आहे. मांडीचे हाड आणि नडगी यांच्यामध्ये, सांध्याच्या पोटात, दोन अस्थिबंध एकमेकांना छेद देत जातात. त्यांपैकी पुढचा म्हणजे एसीएल, जो नडगीला पुढे सरकू देत नाही आणि पिळापासून सांध्याला सावरतो. त्याच सांध्यात दोन चंद्रकोरीच्या आकाराच्या गाद्या असतात, ज्यांना डॉक्टर मेनिस्कस म्हणतात. गादीच्या बाहेरच्या कडेला रक्तपुरवठा असतो, आतला भाग मात्र जवळजवळ रक्ताविना जगतो. त्यामुळे कडेची फाट शिवल्यावर जुळू शकते, आतली सहसा जुळत नाही. बीड जिल्ह्यातील मांडव्याचे अविनाश साबळे यांना जुलै २०२५ मध्ये मोनाको येथील स्टीपलचेस शर्यतीत या दोन्ही रचनांची दुखापत झाली आणि शस्त्रक्रिया करावी लागली. अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत, दर वेळी एका पायावर उतरत धावण्याची ती शर्यत गुडघ्याकडून काय मागते, याची कल्पना यावरून यावी.

एसीएल फाटला की नाही हे एमआरआयच्या आधी हाताला कळते, आणि ही जाण उपचारकाच्या कलेचा गाभा आहे. लॅकमन नावाच्या तपासणीत रुग्णाला उताणे झोपवून गुडघा वीस ते तीस अंश वाकवतात, एका हाताने मांडी धरतात आणि दुसऱ्या हाताने नडगी पुढे ओढतात. चांगल्या गुडघ्यात खुंटीला बांधलेला दोर ताणला जावा तसा ठाम अटकाव लागतो. फाटलेल्या गुडघ्यात नडगी पुढे येतच राहते आणि शेवट मऊ, अनिश्चित जाणवतो. भीतीने आवळलेली मांडी हा फरक सहज लपवते. म्हणून आधी दुसरा, धडका पाय तपासावा, दुखऱ्या पायाच्या मांडीखाली आधार द्यावा, रुग्णाशी चार शब्द बोलावेत आणि स्नायू आपोआप सैल पडण्याची वाट पाहावी. ओढणे क्षणाचे असते, वाट पाहणे हेच त्यातले कौशल्य असते. दुखापतीच्या वेळी ‘टक’ असा आवाज आला होता का आणि सूज दोन तासांत आली की दुसऱ्या दिवशी, हे दोन प्रश्नही तितकेच मोलाचे आहेत, कारण झपाट्याने आलेली सूज बहुधा सांध्यात रक्त साचल्याची खूण असते.

पहिल्या दोन-तीन दिवसांत काय करावे याविषयीचे मत गेल्या काही दशकांत बदलले आहे. विश्रांती, बर्फ, दाबपट्टी आणि पाय उंच ठेवणे हे सूत्र अमेरिकी डॉक्टर गेब मिर्किन यांनी १९७८ मध्ये मांडले, आणि पुढे त्यांनीच बर्फ व पूर्ण विश्रांती यांमुळे भरून येण्याची क्रिया लांबू शकते असे लिहिले. बर्फाने वेदना कमी होते, त्यामुळे तो थोडा वेळ लावण्यास हरकत नाही. पण सूज ही शरीराने दुरुस्तीसाठी पाठवलेली कुमक असते, ती साफ परतवून लावणे हे उद्दिष्ट असू नये. मराठी घरांत लावला जाणारा आंबेहळदीचा लेप सहसा अपाय करत नाही. अपाय होतो तो ताज्या दुखापतीवर गरम तेलाने रगडून केलेल्या मालिशने आणि मुरगळलेला पाय ‘बसवण्यासाठी’ दिलेल्या झटक्याने. याच्या उलट टोकाला महिनाभर पाय हलवूच न देणारी काळजी असते, आणि तीही तितकेच नुकसान करते.

गुडघा सुजला की मांडीचा पुढचा स्नायू जणू झोपी जातो. तो अशक्त झालेला नसतो, तर सांध्याकडून येणाऱ्या संदेशांमुळे मज्जारज्जूच त्याला रोखून धरतो. त्याला जागे करण्याची सुरुवात अगदी साध्या कृतीने होते. गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवावा, गुडघ्याने तो खाली दाबावा, पाच आकडे मोजावेत आणि सोडावा. पहिल्या दिवशी कित्येकदा काहीच हलत नाही, रुग्ण स्वतःच्या मांडीकडे परक्या वस्तूकडे पाहावे तसा पाहत राहतो. मग कधीतरी वाटीच्या वर, आतल्या बाजूला, एक बारीकशी थरथर उमटते. बाहेरच्याला ती दिसणारही नाही, पण बोट ठेवून बसलेल्या उपचारकाला ती कळते, आणि पुढच्या सगळ्या महिन्यांची उभारणी त्या थरथरीवर होते.

ते महिने थोडके नसतात. शस्त्रक्रियेत एसीएलच्या जागी बसवलेला कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा दोर, सुरुवातीचे काही महिने मूळच्यापेक्षा कमकुवत होत जातो, त्यात नव्या रक्तवाहिन्या शिरतात, आणि मगच त्याचे हळूहळू अस्थिबंधात रूपांतर होते. याच काळात वेदना मात्र केव्हाच गेलेली असते. पाय हलका वाटतो, सामना तोंडावर आलेला असतो, आणि खेळाडू, पालक व प्रशिक्षक तिघेही एकच प्रश्न विचारू लागतात. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, नऊ महिन्यांपर्यंत पुनरागमन जितके महिने लांबवले तितक्या प्रत्येक महिन्यामागे पुन्हा दुखापत होण्याचे प्रमाण सुमारे निम्म्याने घटलेले आढळले. ‘अजून नाही’ हे दोन शब्द उच्चारणे म्हणूनच उपचारकाचे सर्वांत कठीण आणि सर्वांत प्रेमाचे काम आहे.

मग ‘आता’ कधी म्हणायचे, याचे उत्तर कॅलेंडरइतकेच पायाकडेही मागावे लागते. एका पायावर उडी मारून त्याच पायावर उतरायचे, अशा सलग तीन उड्यांचे अंतर मोजायचे, आणि दुखऱ्या पायाने चांगल्या पायाच्या किमान नव्वद टक्के मजल मारली की नाही ते पाहायचे, अशी ही परीक्षा जगभर घेतली जाते. मराठी माणसाला तिचे वेगळे वर्णन करण्याची गरज नाही, कारण ती लंगडीच आहे. छत्तीसगढमध्ये २०२२ साली सुरू झालेल्या छत्तीसगढिया ऑलिंपिकमध्ये खो-खो, कबड्डी आणि फुगडी यांच्या बरोबरीने लंगडी दौड होती, आणि बांबूच्या गेडीवर तोल सांभाळत धावण्याची शर्यतही होती. एका पायावर उतरणे, गुडघा आत न कोसळू देणे आणि हलत्या आधारावर उभे राहणे ही आधुनिक पुनर्वसनाची उद्दिष्टे अंगणाअंगणांत पिढ्यान्‌पिढ्या खेळली गेली आहेत. उपचारकाने अंतर मोजावेच, पण उतरणाऱ्या पायाचा आवाजही ऐकावा. भीती असलेला पाय जमिनीवर जड आदळतो आणि खेळाडू लगेच दुसरा पाय टेकवतो. विश्वास परतलेला पाय हलकेच टेकतो आणि पुढच्या उडीच्या तयारीत क्षणभर थांबतो. त्या थांबण्यात डगमग उरली नाही, की खेळाडूला मैदानाकडे पाठवण्याचा विचार करावा.